टाकीची सावली

अख्ख्या मराठवाड्यात सरकारी परिपत्रक वाचताना ज्याचे डोळे पाणावले असा माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान ते आमचे दाजी. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं गाव आहे. कापूस, सोयाबीन, थोडी तूर, दोन म्हशी, असा चारचौघांसारखा संसार. पन्नाशी उलटेपर्यंत दाजींविषयी मुद्दाम सांगावं असं काही नव्हतं. मग गावात नळयोजना आली, ग्रामसभेत पाणीपुरवठा समिती नेमायची वेळ आली, आणि अध्यक्ष व्हायला कोणीच तयार होईना म्हणून मागे भिंतीला टेकून बसलेल्या दाजींचं नाव कुणीतरी पुकारलं. इतर गावांत असे अध्यक्ष सांगतील तिथं सही करतात आणि घरी जातात. दाजींनी समितीचे नियम मागवून घेतले, गोठ्यात बसून ते वाचून काढले, आणि मग अंबडला कोर्टाच्या आवारात येऊन मला गाठलं. मी तिथं वकिली करतो. चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर कागद पसरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. समितीला ग्रामसभा नेमते आणि काढायची झाली तर ग्रामसभाच काढते, एवढाच त्या ओळीचा मतलब होता.

"वकील, याचा अर्थ सांग."

"अर्थ सरळ आहे. सरपंचाला वाटलं म्हणून तुम्हाला घरी बसवता येत नाही."

"आमदाराला?"

"त्यालाही नाही."

"आन् मंत्री?"

"मंत्र्याला तुमची समिती आहे हे तरी ठाऊक असेल का, दाजी?"

दाजी हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे टिपले. "म्हंजे गावाच्या पान्यावर गावाबिगर कोनाचाच हुकूम न्हाई," ते म्हणाले, "आन् हे कायद्यात लिव्हून ठिवलंय." कायदा वाचून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती सगळी हरलेल्या बाजूची होती. सुखानं रडणारे दाजी पहिलेच.

त्या दिवसापासून दाजींनी लोकांच्या घरचा चहा सोडला. ज्याच्या घरी नळ, त्याच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, असा नेम. गावात नळ सगळ्यांकडेच होते. त्यामुळे लग्न असो, बारसं असो की तेरावं, दाजी घरून जेवून निघायचे आणि पंगतीच्या कडेला उभे राहून इतरांना आग्रह करायचे. सत्यनारायणाचा प्रसाद तेवढा घ्यायचे, कारण तो देवाचा, आणि देवानं कधी कनेक्शनसाठी अर्ज केलेला नव्हता. माझ्या पोरीच्या साखरपुड्याला अंबडला आले तेव्हा चपला काढायच्या आधी दारातच त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या व्याह्याचं आमच्या गावात घर-बीर न्हाई ना?" नाही म्हटल्यावर निवांत जेवायला बसले आणि जिलबी दोनदा मागून घेतली. कुणी आग्रह न करता.

त्या साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत दाजींच्या हातात एक लोखंडी दांडा दिसतो. ती व्हॉल्व्हची चावी. कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं ते तिनंच. ती घरी ठेवली तर कुणीतरी येऊन अक्काला गोड बोलेल, घेऊन जाईल आणि आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह दोन फेरे जास्त फिरवील, या धास्तीनं दाजी ती शेतात, बाजारात, मयतीला, सगळीकडे बरोबर न्यायचे. एसटीत कंडक्टरनं तिचं लगेज काढायला सांगितलं तर म्हणाले, "ही माझी न्हाई, गावाची हाय. गावाकडून घ्या." आमच्या व्याह्यांकडच्या मंडळींना तो कुठल्यातरी देवस्थानाचा मानाचा दंड वाटला, आणि एका म्हाताऱ्या बाईंनी पुढं होऊन त्याला हळदकुंकू लावलं. हे नियमात बसतं की नाही, याचा दाजींनी क्षणभर विचार केला आणि लावू दिलं. फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

समितीची बैठक दर सोमवारी दुपारी. ती कुठं घ्यायची, यावर दाजींनी बराच खल केला. ग्रामपंचायतीत बसावं तर पंखा सरपंचाचा. मारुतीच्या पारावर बसावं तर तिथं पुढाऱ्यांची बैठक आधीपासून. कुणाच्या ओसरीवर बसावं तर तो चहा करणार. "ज्याच्या ओट्यावर बैठक, त्याचा हुकूम," असं ते म्हणायचे. शेवटी त्यांना गावाच्या कडेला उभी असलेली पाण्याची उंच टाकी दिसली. तिच्या सावलीवर कुणाच्या बापाचा हक्क नव्हता. सतरंजी कुणाची घ्यायची हा नवा प्रश्न निघाला, तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं पोतं आणायचं ठरलं. आता दुपारची सावली ती, एका जागी थोडीच थांबते? ती सरकली की समितीही सरकायची. मी एकदा हा सोहळा पाहिलाय. गळतीच्या जोडावर मोठी गरमागरमी चालली होती, एवढ्यात कडेच्या बाईच्या डोक्यावर ऊन आलं. दाजी म्हणाले, "तहकूब." बाया-माणसं उठली, पोती उचलून चार पावलं पलीकडे जाऊन बसली. दाजी म्हणाले, "चालू." आणि भांडण जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं. बैठक बाभळीपाशी सुरू व्हायची आणि संपेपर्यंत नाल्याच्या काठाला गेलेली असायची.

समितीत निम्म्या बायका हव्यात, असा नियम आहे. पहिल्या बैठकीला त्या बायकांचे नवरे आले. तशीच वहिवाट आहे आपल्याकडे. त्यातला एक म्हणाला, "आमच्या मंडळींचा निरोप घिऊन आलोय."

"निरोप न्हाई, मंडळीच पाह्यजे," दाजी म्हणाले. "समितीच्या बाहेरच्या मानसाचं बोलनं आमाला लिवून घेता येत न्हाई."

"लेकरू ल्हान हाय तिचं."

"मंग लेकरू तुमी घ्या."

आणि खरोखरच तो गडी कडेवर लेकरू घेऊन बैठक होईस्तोवर टाकीच्या सावलीबाहेर उन्हात उभा राहिला. गाव महिनाभर हसलं. पण पुढच्या सोमवारपासून बायका स्वतः यायला लागल्या. त्यात गयाबाई होती. पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला जी गल्ली आहे, तिथली. मजुरी करणारी, नवरा गेलेला, अंगानं काडी आणि जिभेनं कोयता. दुसऱ्याच बैठकीत ती म्हणाली, "अध्यक्ष, आमच्या नळाला कान लावा एकदा. नुसती हवा फुसफुसती. पुढच्या गल्ल्या भरून, गाड्या धुवून, मंग आमची पाळी. तवर टाकीत ऱ्हातंय काय?" दाजी उठले, चावी घेऊन तिच्या गल्लीत गेले आणि गयाबाईच्या नळाला सर्वांदेखत कान लावून बसले. परत आले ते पाळी उलटी करूनच. त्या दिवसापासून शेवटच्या गल्लीला पहिलं पाणी आणि टाकीजवळच्या गल्लीला शेवटचं. शेवटच्या गल्लीचे हंडे दारातच भरू लागले. मळ्यातल्या जुन्या विहिरीची पायवाट गवतानं बुजली.

टाकीजवळचं पहिलं घर दाजींचंच होतं. त्यामुळे अक्काचा नळ सगळ्यांच्या मागे, आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून दाजी तो इतरांपेक्षा थोडा लवकरच बंद करायचे. अक्का माझ्याकडे येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "लोकाचा नवरा अध्यक्ष झाला की बायकोच्या गळ्यात सोनं येतं रे, माझ्या डोक्यावर हंडा आला." शेवटी तिनं तक्रार केली तेव्हा दाजींनी तिला समितीकडे रीतसर अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज मी लिहून दिला. टाकीच्या सावलीत सुनावणी झाली, अक्काच्या नळाला इतरांइतकाच वेळ द्यावा असं समितीनं ठरवलं, आणि विरोधात मत एकच पडलं, ते नवऱ्याचं. संध्याकाळी दाजींनी निमूटपणे त्या ठरावाची अंमलबजावणी केली. अक्का आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण मला म्हणाली, "काही म्हन, मानूस बराबर हाय."

इथपर्यंतचं हसून सांगता येतं. पुढचं सांगताना माझं डोकं तापतं.

गावात भाऊसाहेब नावाचं एक प्रस्थ आहे. निवडणूक कुणीही जिंको, गुलाल त्यांच्याच दारात उधळला जातो. त्यांनी रस्त्याच्या कडेला मंगल कार्यालय बांधलं. हॉल झाला, कमान झाली, नवरा-नवरीसाठी फिरतं स्टेज झालं, पाणी तेवढं लागेना. बोअर कोरडे गेले. मात्र गावच्या विहिरीवरून टाकीकडे येणारी मोठी लाइन कार्यालयाच्या मागूनच गेलेली होती. तिलाच जोड मारायचा, असं भाऊसाहेबांच्या मनात आलं. म्हणजे कार्यालयाचं भागलं की उरलंसुरलं टाकीत पडणार. एका सोमवारी ते टाकीपाशी आले. बरोबरच्या माणसानं खुर्ची आणली होती. दाजी म्हणाले, "खुर्ची सावलीच्या बाहेर ठिवा, भाऊसाहेब. हितं समदे खाली बसत्यात." आणि स्वतःचं पोतं झटकून त्यांना बसायला दिलं. भाऊसाहेब बसले. रागावले नाहीत, हे मला पुढं कळलं तेव्हाच खटकलं होतं.

"अध्यक्ष, हॉलमंदी काय माझ्या एकट्याच्या घरचे लगीन होनार हायेत? गावाच्याच पोरीबाळी ना?"

"बराबर हाय."

"मंग एक जोड द्यायला समितीचं काय जातं?"

"टाकीच्या पुढं घ्या, पाळीनं घ्या. आज अर्ज द्या, आज मंजूर करतो. टाकीच्या आधी न्हाई देता येत."

"पाळीच्या पान्यात लगीन व्हतं का कुठं?"

गयाबाई म्हणाली, "आमचे झाले की, भाऊसाहेब. बिनपान्याचे झाले."

मत घेतलं. जोडाच्या बाजूनं एकही हात वर गेला नाही. भाऊसाहेब उठले, पोतं झटकून दाजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठीक हाय. आपन कायद्यानंच चालू." दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी मला तिथूनच फोन केला. "वकील, भाऊसाहेबबी कायद्यानं चालायचं म्हनून राह्यले!" दांडगा माणूस कायदा मोडायला निघाला तर त्याला अडवता येतं. तो कायद्यानं चालायला निघाला की वकिलाचा घसा कोरडा पडतो.

मग अर्ज सुरू झाले. समिती ठरलेल्या कार्यालयात न बसता उघड्यावर बसते, अशी तक्रार. अध्यक्ष सार्वजनिक मालमत्ता, म्हणजे चावी, परगावी घेऊन फिरतात, अशी दुसरी तक्रार. आणि तिला पुरावा म्हणून आमच्या साखरपुड्याचा हळदकुंकवाचा तो फोटो. तो त्यांच्या हाती कसा लागला देव जाणे. दाजी एकेका अर्जाचा खुलासा मान खाली घालून लिहीत बसायचे. तिकडे भाऊसाहेबांनी जाहीर केलं की गावातल्या लोकांना हॉल फुकट. ज्यांच्या घरी लग्नाच्या पोरी होत्या ती घरं विचारात पडली. पुढच्या गल्ल्या तर उलट्या पाळीपासूनच दाजींवर खार खाऊन होत्या. पारावर लोक म्हणू लागले की मानूस चांगला हाय, पर लई ताणतो.

मी गावात जाऊन दाजींना समोर बसवलं. "कायद्यानं तुम्हाला सरपंचापासून वाचवलंय, आमदारापासून वाचवलंय," मी म्हणालो, "पण गावच उठलं तर वाचवणारं कलम नाही, दाजी."

"गावापासून कामून वाचायचं?" दाजींनी मलाच विचारलं. "गाव तर मालक हाय."

विशेष ग्रामसभा लागली. विषय एकच: जुनी समिती बरखास्त करून नवी नेमणे. दिवस मुद्दाम पिंपळगावच्या बाजाराचा ठेवला. शेवटची गल्ली मजुरीवर जगते. बाजार चुकला तर आठवडाभर चुलीवर काय ठेवणार? त्यामुळे ती माणसं येणार नाहीत, हा हिशोब. गयाबाईनं तोच हिशोब उलटा फिरवला. ती म्हणाली, "त्याह्यला वाटतं ना आपन बाजाराला जावं? मंग समदेच जाऊ. आपल्या बाजूचं एक मानूस गावात ठिवायचं न्हाई. मानसं भरली न्हाई तर सभा कशी व्हईल?" मी खूश झालो. नियमाप्रमाणे गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब करावी लागते. तहकूब सभा पुन्हा बसली की तिला गणपूर्तीची अट नसते, हे खरं. पण तेवढ्या दिवसांत त्या जोडाविरुद्ध आम्ही दिलेल्या अर्जावर तालुक्याला सुनावणी व्हायची होती आणि तो जोड अडकला असता. फक्त दाजींनी घरी बसायचं होतं. बस्स, एवढंच. आजवर एकही ग्रामसभा न चुकवलेल्या माणसाला अक्कानं गळ्याची शपथ घातली, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि पिशवी घेऊन ती बाजाराला गेली.

पुढचं मला दाजींनीच सांगितलं. ते खाटेवर बसून होते. ग्रामपंचायतीचा भोंगा पुन्हा पुन्हा ओरडत होता, ग्रामस्थांनी जल्दी सभेला यावं. माणसं भरली नाहीत हे त्यांना कळलं. जीव भांड्यात पडला. पण वेळ टळून गेली तरी सभा तहकूब झाल्याचं कोणी पुकारेना, भोंगा आपला बोलावतोच आहे. हे काही दाजींना सोसेना. भाऊसाहेबांनी घर जाळलं असतं तरी त्यांना एवढं लागलं नसतं. त्यांनी उपरणं घेतलं, चावी घेतली आणि गोठ्याच्या मागच्या दारानं ते निघाले. शपथ सभेत बसायची नाही अशी होती; दारातून हरकत घ्यायला तिची आडकाठी नव्हती, असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांच्या माणसांनी गोळा करण्यासारखं कुणी सोडलं नव्हतं. चक्कीवाला पिठानं भरलेला तसाच आणून बसवला होता. दवाखान्यातून एका म्हाताऱ्याला हाताच्या पट्टीसकट उचलून आणलं होतं. तरी एक माणूस कमी पडत होता. दाजी उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "वेळ टळली. गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब करा."

ग्रामसेवकानं कपाळाचा घाम पुसला. "अध्यक्ष, तुमची हरकत बिलकुल बराबर हाय," तो म्हणाला. "पर ती लिवून घ्यायची तर तुमी सभेत पाह्यजे ना? बाहेरच्या मानसाचं बोलनं मी कसं घेऊ? हजेरीवर सही करा, लगेच हरकत घेतो."

दाजींनी विचार केला. म्हणणं रास्त होतं. टाकीच्या सावलीबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यांना त्यांनी स्वतः हेच ऐकवलं होतं. त्यांनी चावी भिंतीला टेकवून ठेवली, आत गेले आणि सही केली. ग्रामसेवकानं त्यांची हरकत शब्दाला शब्द लिहून घेतली. त्याखाली लिहिलं की गणपूर्ती झालेली असल्यानं हरकत निकाली. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेब हसले नाहीत. ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची दाजींना दिली.

हात वर झाले. एकानं घाईत दोन्ही हात वर केले होते. ते दाजींच्याच लक्षात आलं आणि त्यांनी मोजणी पुन्हा घ्यायला लावली. निकाल तोच राहिला. मग दाजींनी चावी नव्या अध्यक्षाच्या स्वाधीन केली. नवा अध्यक्ष भाऊसाहेबांचा पुतण्या होता, आणि ती कुठून धरायची असते हे त्याला दाजींनी दाखवलं. इतकी वर्षं एक हात कायम त्या मुठीवर. परत येताना तो हात कुठं ठेवावा तेच त्यांना कळेना. गोठ्याच्याच दारानं ते आत येऊन खाटेवर बसले.

अक्का बाजारातून आली. कुलूप जसंच्या तसं, नवरा खाटेवर. तिला वाटलं, जिंकलो. भजी करायला तिनं तेल तापत टाकलं, कांदा चिरता चिरता गयाबाईचं कौतुक करत राहिली, आणि दाजींनी तोंड उघडलं तेव्हा तिनं गॅस बंद केला. मला मात्र राहवलं नाही. फोनवर मी दाजींना नको नको ते बोललो. ते म्हणाले, "वकील, सभा मात्र बराबर झाली. बिलकुल नियमात." मी फोन आपटला. हरकत घेण्यासाठी सही लागते असं खरंच कुठं लिहिलंय, की ते त्या ग्रामसेवकाला त्या घडीला सुचलं, हे मी अजून शोधतो आहे. अपील केलं. साहेबांनी कागद पाहिले, गणपूर्ती पूर्ण आहे म्हणाले, आणि शेवटच्या सहीवर पेन ठेवून मला विचारलं, "ही तुमच्याच अशिलाची ना?" तेव्हापासून तारखा पडताहेत. समितीच्या स्वातंत्र्यासाठी कायद्यानं जे कुंपण घातलं होतं, त्या कुंपणानंच शेत खाल्लं.

जोड झाला. कार्यालयाच्या कमानीपाशी एक कारंजंही लागलं. पाळी सरळ झाली आणि गयाबाईच्या गल्लीतले नळ पुन्हा फुसफुसू लागले. टँकर मागितला तर नळयोजना चालू असलेल्या गावाला टँकर मिळत नाही म्हणाले. बायका पुन्हा मळ्यातल्या त्या जुन्या विहिरीवर जायला लागल्या. तिच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. भरलेला हंडा घेऊन चढताना गयाबाईचा पाय सटकला आणि ती खालच्या पायरीपर्यंत आपटत गेली. खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी केलं ते केलं, पण या वयात पुन्हा चालणं होणार नाही म्हणाले.

ती घरी आल्यावर दाजी भेटायला गेले. एकटे जायचा धीर होईना म्हणून मला घेऊन गेले. गयाबाई बाजेवर पडून होती. कोयत्यासारख्या बोलण्याचा कणही नसलेल्या आवाजात तिनं विचारलं, "अध्यक्ष, त्या दिशी आल्ते कशाला?"

"सभा होती, गयाबाई," दाजी म्हणाले.

तिनं भिंतीकडे तोंड केलं. आम्ही उठणार, तेवढ्यात तिची सून चहा घेऊन आली, आणि दाजींनी सवयीनं हात आखडता घेतला. गयाबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "घ्या आता. आता तुमी अध्यक्ष न्हाई, आन् माझ्या नळाला पानी न्हाई." दाजींनी कप उचलला. निम्मा चहा बशीत सांडला. तो त्यांनी बशीतून पिऊन टाकला. परतीच्या वाटेवर त्यांना चिडवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. हा माणूस मला फार आवडतो, हे मला त्या वाटेवर पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याचा इतका रागही मला कधी आला नव्हता.

गेल्या सोमवारी अपिलाची पुढची तारीख सांगायला गावात गेलो. अक्का म्हणाली, "टाकीकडं गेलेत. दर सोमवारी जातेत. तूच घिऊन ये, माझं ऐकत न्हाईत." नवी समिती कार्यालयाच्या हॉलमध्ये बसते, पंख्याखाली, आणि बैठकीनंतर जेवण असतं. टाकीखाली चिटपाखरू नव्हतं. काळीशार सावली मोकळी पडली होती. तिच्या कडेला, बरोबर हातभर अंतरावर, रणरणत्या उन्हात दाजी पोत्यावर बसले होते. डोक्यावर उपरणं, हात मांडीवर.

"दाजी, सावलीत बसा की," मी म्हणालो.

"ती समितीची जागा हाय. म्या आता समितीत न्हाई."

"समिती तिकडं हॉलमध्ये बसून जेवतीये!"

"बसू दे. उद्या कोनी चांगलं आलं, तर जागा मोकळी पाह्यजे."

माझ्या पिशवीत कायद्याची दोन पुस्तकं होती. पिशवी मी खाली ठेवली. दाजींनी पोत्यावर सरकून मला जागा केली. मी बसलो. पाठ भाजत होती. आम्ही दोघं त्या रिकाम्या सावलीकडे पाहत होतो, आणि ती हळूहळू आमच्याकडे सरकत होती. ती पायाच्या बोटांना लागली तेव्हा दाजी उठले, मलाही उठवलं, पोतं उचललं, आणि आम्ही चार पावलं मागे उन्हात जाऊन बसलो.